पडद्यावर नेमकं काय लिहून आलं?

या वेळच्या पत्रांमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं : "सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही." एवढ्यावर थांबू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पडद्यावर आलेला संदेश कोडसकट, जसाच्या तसा लिहून पाठवा. मोबाइलने फोटो काढून त्यावरून उतरवलात तरी चालेल. मी एका प्रशिक्षण संस्थेच्या संगणक प्रयोगशाळेची देखभाल पाहते. तिथे प्रत्येक मशीनच्या नावाने वहीत एक पान आहे. संदेश काय आला, कोणत्या टप्प्यावर आला आणि त्याआधी मशीनमध्ये शेवटचा बदल कोणता झाला, हे त्या पानावर लिहिल्याशिवाय मी कुणाला कॅबिनेट उघडू देत नाही. तुम्हीही अशी नोंद ठेवलीत, तर मला उत्तर देणं सोपं जाईल आणि कित्येकदा पत्र लिहायची वेळच येणार नाही.

प्रश्न : ताई, माझा डेस्कटॉप रोजच्या कामाला उत्तम आहे. टायपिंग, इंटरनेट, व्हिडिओ, कसलाच त्रास नाही. पण मोठं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं की काम मध्येच मोडतं. कधी ३० टक्क्यांवर, कधी ७० वर. 'फाइल करप्ट आहे' असा संदेश येतो. फाइल पुन्हा उतरवून घेतली, तरी तेच. शेवटी विंडोजच नव्याने टाकायला गेले, तर तिथे ०एक्स८००७०५७० हा कोड आला. ओळखीचे एक जण म्हणतात, मदरबोर्ड गेला, नवीन मशीन घ्या. घ्यावं का?

उत्तर : नका घेऊ, निदान आत्ता तरी. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा तपशील तुम्ही सहज लिहून गेला आहात : मोडण्याची जागा दर वेळी बदलते. फाइलच खराब असती, तर इन्स्टॉलेशन दर वेळी एकाच जागी अडकलं असतं, कारण फाइलमधला बिघडलेला तुकडा काही जागा बदलत नाही. जागा बदलते आहे, म्हणजे फाइल वाचणारं यंत्र कुठेतरी चुकतंय. तुम्हाला मिळालेल्या कोडचा अर्थ 'फाइल खराब आहे, वाचता येत नाही' असा आहे, आणि विंडोज टाकताना तो आला की पेनड्राइव्ह, डिस्क आणि रॅम (चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी) या तिन्हींकडे पाहावं लागतं. तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय रॅमवर आहे.

मग बाकी सगळं नीट कसं चालतं? शंका रास्त आहे. इन्स्टॉलरमधल्या फाइली दाबून लहान केलेल्या असतात. त्या उलगडताना प्रत्येक भागाची बेरीज मूळ बेरजेशी ताडून पाहिली जाते. जमाखर्चाच्या वहीत एक आकडा चुकला तरी ताळा जमत नाही, तसंच इथे होतं. अब्जावधी बिटांमधला एकच बिट उलटला, तरी इन्स्टॉलर तो भाग नाकारतो आणि फाइलवर ठपका ठेवतो. व्हिडिओ पाहताना तोच बिट उलटला, तर एखादा ठिपका क्षणभर वेगळ्या रंगाचा होईल आणि तुमच्या लक्षातही येणार नाही. शिवाय किरकोळ कामं रॅमचा थोडाच भाग वापरतात. मोठं इन्स्टॉलेशन एरवी रिकाम्या पडून असलेल्या भागापर्यंत जाऊन पोचतं.

खात्री करायला एक युक्ती सांगते. पॉवरशेल (विंडोजमधली आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा, 'गेट-फाइलहॅश' ही आज्ञा द्या आणि तिच्यापुढे उतरवलेल्या फाइलचा पत्ता लिहा. ६४ अक्षर-अंकांची एक ओळ मिळेल. सॉफ्टवेअर देणाऱ्यांच्या पानावर 'एसएचए-२५६' या नावाखाली तशीच ओळ दिलेली असेल, तर दोन्ही ताडून पाहा. त्यानंतर मशीन रीस्टार्ट करून त्याच फाइलवर तीच आज्ञा पुन्हा द्या. फाइलला हात न लावता दोन वेळा दोन वेगळ्या ओळी आल्या, तर दोष मशीनमध्येच आहे, यात शंका उरत नाही. दोन्ही वेळा एकच ओळ आली, तरी रॅम लगेच निर्दोष ठरवू नका. पुढची चाचणी कराच.

बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन 'एक्सएमपी' चालू आहे का, ते आधी पाहा. रॅमला तिच्या मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने पळवणारी ही सोय आहे. ती बंद करून इन्स्टॉलेशन पुन्हा करून बघा. पुष्कळ मशीन एवढ्यानेच सुधारतात. नाही सुधारलं, तर मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन मशीन त्यावरून सुरू करा. विंडोजमध्येही 'मेमरी डायग्नोस्टिक' आहे, पण माझा भरवसा मेमटेस्टवर जास्त. त्याची निदान एक फेरी पूर्ण होऊ द्या. जमल्यास रात्रभर चालू ठेवा. चुकीची एक जरी ओळ दिसली, तरी चाचणी नापास. 'एकच तर आहे' म्हणून सोडून देऊ नका.

आता रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासायच्या. मशीन बंद करा, वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच पट्टी काढा. एका वेळी एकच पट्टी, प्रत्येक वेळी त्याच स्लॉटमध्ये. मग दुसऱ्या स्लॉटमध्येही तसंच. दोष एका पट्टीबरोबर फिरला तर पट्टी बदला. कोणतीही पट्टी लावली तरी विशिष्ट स्लॉटमध्येच दोष दिसला, तर तुमच्या ओळखीच्यांचं म्हणणं बरोबर ठरेल. पण तोवर नाही. काढलेली पट्टी परत बसवताना कडेची खिटी 'टक्' असा आवाज करून बसली पाहिजे. नुसतं काढून नीट बसवल्याने दोष गेलेला मी अनेकदा पाहिला आहे.

रॅम निर्दोष ठरली आणि तुमच्या मशीनमध्ये इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा वरच्या श्रेणीतला डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर तिकडे वळा. यातले काही प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागतात आणि कालांतराने अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. दाबलेल्या फाइली उलगडताना चुका होणं हे त्याचं ठळक लक्षण होतं. ऑगस्ट २०२४ पासून त्यावरची दुरुस्ती बायोस अपडेटमधून मिळू लागली आणि बाधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. अपडेटने पुढचं नुकसान थांबतं. आधी झालेलं भरून निघत नाही, तिथे वॉरंटीच मागावी लागते.

रॅमची एक पट्टी बदलून सुटणाऱ्या दोषापायी लोक पूर्ण मशीन टाकून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. मदरबोर्ड गेला असं कुणी म्हणालं, तर कशावरून, हे जरूर विचारा.

प्रश्न : नव्या लॅपटॉपवर विंडोज टाकतोय. 'विंडोज कुठे टाकायचं?' या पडद्यावर डिस्कची यादी रिकामी आहे. डिस्क खराब आली आहे का?

उत्तर : आधी बायोसमध्ये पाहा. तिथे डिस्कचं नाव दिसत असेल, तर डिस्क बहुधा ठणठणीत आहे आणि विंडोजच्या सेटअपकडे तिच्यापर्यंत पोचायचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये 'व्हीएमडी' नावाची सोय चालू असते. डिस्क तिच्या मागे दडते आणि 'रॅपिड स्टोरेज' ड्रायव्हर दिल्याशिवाय सेटअपला दिसत नाही.

लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या पानावरून, तुमच्याच मॉडेलचा तो ड्रायव्हर दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्या. पुष्कळ जण इथे अडतात, कारण उतरलेली फाइल 'ईएक्सई' असते आणि ती तशीच पेनड्राइव्हवर टाकून उपयोग होत नाही. ती उलगडून आतलं 'आयएनएफ' फाइल असलेलं फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवायचं. मग त्याच रिकाम्या यादीखालचं 'लोड ड्रायव्हर' दाबून ते फोल्डर दाखवायचं. डिस्क लगेच यादीत येते.

बायोसमधून व्हीएमडी बंद करण्याचा दुसरा रस्ता आहे आणि कोऱ्या डिस्कवर तो चालतो. पण ज्या लॅपटॉपवर विंडोज आधीपासून आहे, तिथे तो स्विच सहज म्हणून फिरवू नका. विंडोज सुरूच होणार नाही. तसंच बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर बायोसमध्ये काहीही बदलण्यापूर्वी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती नसेल, तर डिस्कवरचा सगळा मजकूर कायमचा कुलूपबंद होऊ शकतो. हे मी प्रत्येक उत्तरात लिहायला तयार आहे.

बायोसमध्येही डिस्क दिसत नसेल, तर ती सैल बसली आहे का ते पाहा. डिस्क तुम्ही स्वतः घालून घेतली असेल, तर तिचा प्रकारही तपासा. एम.२ आकाराच्या डिस्क साटा आणि एनव्हीएमई अशा दोन्ही प्रकारच्या असतात. दिसायला सारख्या, स्लॉटमध्येही बसतात. पण पुष्कळ स्लॉट एकच प्रकार ओळखतात.

प्रश्न : साउंडचा ड्रायव्हर टाकल्यावर 'मशीन रीस्टार्ट करा' असं आलं. मी रात्री शट डाउन केलं, सकाळी चालू केलं. तरी आवाज नाही.

उत्तर : एकदा 'रीस्टार्ट'च करा. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आहे. ती चालू असली की शट डाउन करताना विंडोज आपला गाभा आणि चालू ड्रायव्हर डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तेच परत उचलतं. म्हणजे जुना ड्रायव्हर रात्रभर जिवंतच राहिला. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन केलं, तरी पूर्ण बंद होतं.

प्रश्न : माझ्याकडे जुना, पण अगदी सुस्थितीतला स्कॅनर आहे. नव्या विंडोज ११ च्या मशीनवर त्याची मूळ सीडी चालत नाही. सेटअप सुरू होतो, शेवटी ड्रायव्हर बसत नाही. स्कॅनर टाकून द्यायचा जीव होत नाही.

उत्तर : टाकू नका. त्या सीडीवरचा ड्रायव्हर बहुधा फक्त ३२ बिटांचा आहे. साधे ३२ बिटांचे प्रोग्राम ६४ बिटांच्या विंडोजवर चालतात, ड्रायव्हर मात्र नाही. विंडोज ११ तर ६४ बिटांतच येतं. त्यामुळे 'कम्पॅटिबिलिटी मोड'वर कितीही टिचक्या मारल्या, तरी उपयोग नाही.

स्कॅनर बनवणाऱ्यांच्या पानावर ६४ बिटांचा ड्रायव्हर आहे का, ते आधी पाहा. विंडोज ७ च्या नावाखालचा ६४ बिटांचा ड्रायव्हरही कित्येकदा चालून जातो. तो टाकल्यावर 'या उपकरणावर ड्रायव्हर लोड करता येत नाही' असा संदेश आला, तर अडथळा वेगळा आहे. विंडोज सिक्युरिटीमधल्या 'कोअर आयसोलेशन' खालची 'मेमरी इंटेग्रिटी' जुन्या धाटणीचे ड्रायव्हर रोखते. ती बंद करता येते, पण एका स्कॅनरसाठी रोजच्या मशीनचं संरक्षण कायमचं उतरवणं मला पटत नाही.

मी अशा वेळी एखादं जुनं मशीन लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) घालून स्कॅनरसाठीच ठेवते. लिनक्सवर 'सेन' नावाचा प्रकल्प आहे. बनवणाऱ्यांनी कधीच सोडून दिलेले शेकडो स्कॅनर त्याने चालते ठेवले आहेत, आणि कोणतं मॉडेल किती चालतं याची यादीही त्यांनी दिली आहे. तुमचं मॉडेल त्यात शोधा. जुनं मशीन नसेल, तर लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहा. हार्ड डिस्कला हात लागत नाही.

प्रश्न : ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) टाकलं. उघडताना 'ग्राफिक्स कार्ड चालणार नाही, ओपनजीएल ४.३ हवं' असं सांगतं. माझं कार्ड तर चांगलं नवं आहे!

उत्तर : कार्ड नवं असेल, पण विंडोज ते वापरतंय का? डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत) 'डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स' उघडा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' एवढंच असेल, तर कार्डचा ड्रायव्हर बसलेलाच नाही. पडदा दिसावा एवढ्यापुरता तो कामचलाऊ ड्रायव्हर असतो आणि त्याच्यावर ओपनजीएल (प्रोग्राम ज्या भाषेत कार्डाला चित्रं काढायला सांगतात ती) १.१ च्या पुढे जात नाही. कार्ड बनवणाऱ्यांचा ड्रायव्हर टाका. लॅपटॉप असेल, तर आधी लॅपटॉपवाल्यांच्या पानावरचा.

यादीत कार्डचं नाव नीट दिसत असेल, तर मॉनिटरची केबल पाहा. ती कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावलेली असते, हे मी वारंवार पाहते. कार्डच्या नावावर पिवळं चिन्ह आणि आत 'कोड ४३' असेल, तर कार्डानेच स्वतःत बिघाड असल्याचं कळवलं आहे. सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर विंडोज सुरू करून) जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाका. तरीही कोड तसाच राहिला, तर कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघा.

प्रश्न : डिव्हाइस मॅनेजरमधलं 'अननोन डिव्हाइस' काही केल्या जात नाही. सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देणारे प्रोग्राम जाहिरातीत दिसतात. त्यातला कोणता टाकू?

उत्तर : एकही नको. असे प्रोग्राम भलत्याच मॉडेलचा ड्रायव्हर बसवतात, चालू असलेली गोष्ट बिघडवतात आणि सोबत नको ते सॉफ्टवेअर आणतात. प्रयोगशाळेत त्यांना मी बंदी घातली आहे. त्यांचं काम तुम्ही स्वतः जास्त चांगलं कराल.

त्या अनोळखी उपकरणावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'डीटेल्स', आणि खालच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज'. तिथे 'व्हीईएन' नंतर चार अक्षर-अंक दिसतील आणि 'डीईव्ही' नंतर आणखी चार. पहिले चार म्हणजे बनवणारा, दुसरे चार म्हणजे वस्तू. ८०८६ असेल तर इंटेल (१९७८ मधल्या त्यांच्या प्रोसेसरचाच हा आकडा), १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, १०ईसी म्हणजे रिअलटेक. यूएसबीच्या वस्तूंवर त्याऐवजी 'व्हीआयडी' आणि 'पीआयडी' असतं. हे आकडे इंटरनेटवर शोधले की वस्तूचं नाव कळतं. मात्र ड्रायव्हर घ्यायचा तो मशीन बनवणाऱ्यांकडून किंवा त्या चिपच्या कंपनीकडूनच. पुष्कळदा ही गूढ वस्तू म्हणजे निव्वळ चिपसेटचा एखादा भाग निघतो.

उपकरणाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'कोड २८' दिसला, म्हणजे ड्रायव्हर नाही, तो टाका. 'कोड १०' म्हणजे उपकरण सुरू होऊ शकलं नाही. ड्रायव्हर चुकीचा असू शकतो, उपकरणही बिघडलेलं असू शकतं. 'कोड ५२' म्हणजे ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची (तो कुणाकडून आला, याच्या खुणेची) खात्री पटत नाही. अशा वेळी सही तपासणंच बंद करायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. सहीचा ड्रायव्हर शोधा.

प्रश्न : उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला. इन्स्टॉलेशनमध्ये चूक दाखवली नाही, पण ड्रायव्हर चालत नाही. 'मॉडप्रोब' (ड्रायव्हर सुरू करायची आज्ञा) दिल्यावर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं येतं. इन्स्टॉल करताना मध्येच एक पासवर्ड मागितला होता, तो कशासाठी ते कळलं नाही.

उत्तर : नेमका संदेश लिहिलात, त्याबद्दल मनापासून आभार. त्यामुळे दुसरं काही विचारावंच लागत नाही. तुमच्या मशीनवर सिक्युअर बूट (ओळखीच्या सहीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू आहे आणि ड्रायव्हरवर जी सही आहे, तिची किल्ली मशीनच्या ओळखीची नाही. तो पासवर्ड ही ओळख करून देण्यासाठीच होता. इन्स्टॉलेशननंतरच्या पहिल्या रीस्टार्टला एक निळा पडदा काही सेकंद थांबतो. त्यावर 'एनरोल एमओके' (मशीनच्या मालकाची किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. लोक घाबरून किंवा घाईत पुढे जातात, आणि तो पडदा पुढच्या वेळी आपणहून येत नाही.

सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही. टर्मिनलमध्ये 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी' ही आज्ञा 'एनरोल-की' या पर्यायासह द्या. पासवर्ड पुन्हा विचारला जाईल. त्यात चिन्हं घालू नका, साधी अक्षरं आणि आकडे ठेवा, कारण निळ्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकी मांडणीचाच धरला जातो. रीस्टार्ट करताना मशीनसमोर बसून राहा आणि पडदा आला की 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, 'रीबूट' या क्रमाने जा. मग 'एनव्हिडिया-एसएमआय' ही आज्ञा द्या. कार्डचं नाव आणि ड्रायव्हरचा क्रमांक असलेला तक्ता आला, की काम झालं. नाही आला, तर त्या आज्ञेने काय उत्तर दिलं ते मला लिहून पाठवा.